उपाशी माणसाचं भरलेलं पोट

१

भूल देण्याआधी क्रेनवाल्या बाबांना विचारलं होतं, "काही खाल्लंत का?" बाबा म्हणाले होते, "काल रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही, डॉक्टर." आणि डोळे मिटल्यावर थोड्याच वेळात त्यांच्या घशातून मक्याचे दाणे वर आले.

भुलीत माणसाचा घसासुद्धा झोपतो. एरवी अन्नाचा कण श्वासनळीकडे वळला तर ठसका लागतो. भुलीत तो राखणदार नसतो. म्हणून तर पोट रिकामं लागतं. धाकट्या भूलतज्ज्ञ डॉक्टरने झटकन मान वळवली, घसा उपसला, श्वासाची नळी बसवली. जीव वाचला, पण आंबट पाणी फुफ्फुसात उतरलं ते उतरलंच. खांद्याच्या स्नायूचं ऑपरेशन राहिलं बाजूला, आणि बाबा अतिदक्षता विभागात यंत्राच्या श्वासावर पडून होते.

त्याच सकाळी मोठ्या डॉक्टरांनी बाईंना बोलावून घेतलं. बाई म्हणजे याच रुग्णालयातल्या निवृत्त भूलतज्ज्ञ. अर्ध्या गावातल्या डॉक्टरांना त्यांनी शिकवलेलं, म्हणून सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. आवाज इतका हळू की समोरच्याने आपोआप पुढे वाकावं.

"प्रकरण सोपं आहे, बाई," मोठे डॉक्टर म्हणाले. "नातेवाइकांनी लपवून खायला घातलं. तेवढं एका ओळीत लिहून द्या, म्हणजे मिटलं."

"नातेवाइकांनी म्हणजे कोणी?"

"रात्री सोबतीला सून होती. तिच्या डब्यात मका सापडलाय."

"ती काय म्हणते?"

"दिलं नाही म्हणते. सगळेच तसं म्हणतात हो. चहा घेणार?"

"आज नको. हे निस्तरेपर्यंत नको," बाई म्हणाल्या. त्यांचे असले नेम सगळ्यांना माहीत होते, म्हणून कोणी आग्रह केला नाही. "त्या ओळीने एका बाईचा जन्म वाया जायचा, डॉक्टर. लिहायची असेल तर खरी असली पाहिजे."

"संध्याकाळपर्यंत काय ते सांगा. तिचा नवरा परगावाहून यायला निघालाय. फार तापलाय म्हणे."

२

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बाबांची मुलगी बसली होती. शेजारी बाबांचा दोस्त. दोघं एकाच गोदीत कामाला; बाबा वर क्रेनच्या केबिनमध्ये, दोस्त खाली माल बांधायला. शिडशिडीत, उंच, म्हणून सगळी गोदी त्याला 'दोरखंड' म्हणे. तो बाह्या सरसावून कागदी पेल्यांतून चहा वाटत होता. डाव्या कोपराच्या आतल्या खळग्यात जुना होत आलेला, कडेने पिवळा पडलेला निळा वण दिसत होता.

"घ्या, डॉक्टरबाई. साखर कमी आहे, पण प्रेम भरपूर."

"मी नाही घेत. हाताला काय झालं?"

"हे? हुक लागला. आमच्या धंद्यात हुकाशीच सोयरीक." त्याने बाही खाली ओढली आणि चहाची किटली घेऊन पलीकडे गेला.

मुलगी वाटच पाहत होती. "तुम्ही चौकशीच्या ना? मग माझं ऐकून घ्या. वहिनीचा डबा मी स्वतः उघडून पाहिला. मका. वर शेंगदाणे पेरलेले, अगदी सणसणीत. आमचे बाबा इथे मरणाच्या दारात आणि हिचे चोचले."

"शेंगदाण्यांचा एवढा राग का?"

"माझ्या पोरीला शेंगदाणा चालत नाही. घसा सुजतो, अंगभर गांधी उठतात. आम्ही माहेरी असलो की घरात शेंगदाण्याचं टरफलसुद्धा दिसता कामा नये, हे हिला पक्कं माहीत आहे. परवा दुपारी सगळे जेवायला जमलो होतो ना, तेव्हा बघा कसा साधा उकडलेला मका वाढला होता. आमची पाठ फिरली आणि घातले शेंगदाणे. म्हणजे आम्ही कधी जातोय याचीच वाट बघत असते."

"परवा बाबा नीट जेवले?"

"कसले जेवतायत. हल्ली दोन घासांत ताट सरकवतात, पोट भरलं म्हणतात. हिच्या हाताला चव असेल तर जेवतील ना माणसं. परवाही चार दाणे चिवडले. संत्री तेवढी खाल्ली, काकांनी आणलेली."

"दोरखंडांनी?"

"हो. पिशवीभर आणली होती. पोरांनी फस्त केली आणि सालांनी मारामारी केली. एक संत्रं उरलं नाही." तिचा आवाज एकदम बसला. "बाबा हसत होते तेव्हा. माझा दादा संध्याकाळी येईल. त्याला मी सगळं सांगणार आहे. नाहीतरी घरात आम्हा दोघींपैकी एकच राहील, मी नाहीतर ती."

तोंडाने फटकळ, पण डोळे रडून सुजलेले. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "वहिनी कुठे आहे?"

"जिन्यात असेल. माझ्यासमोर बसायला तोंड कुठे आहे तिला?"

३

सून जिन्याच्या पायरीवर बसली होती. मांडीवर डबा. ओठ सुकून फुटलेले. कालपासून हिने काही खाल्लेलं नाही, हे सांगायला बाईंना कोणी लागलं नाही.

"डॉक्टरबाई, मी दिलं नाही. शपथ घेऊ?"

"शपथ राहू दे. डबा दाखव."

तिने झाकण काढलं. अर्धा डबा मका, आणि दाण्यादाण्यागणिक शेंगदाणे.

"हा कधी केलास?"

"परवा संध्याकाळी. दुपारचा मका उरला होता. वन्सं गेल्यावर शेंगदाणे भाजून घातले, मला आवडतात म्हणून. काल दुपारी बाबांना इथे भरती केलं, तेव्हा माझ्यासाठी बरोबर घेतला." तिने डबा जवळ ओढला. "चोरी म्हणायची तर तेवढीच."

"रात्री बाबांनी काही मागितलं?"

"छे. उलट संध्याकाळी इथलं सूप दिलं ते कसंबसं प्याले. म्हणाले, पोट तट्ट आहे गं, कालचंच जेवण छातीशी बसलंय. मी म्हटलं, वय झालं तुमचं."

"आणखी काय काय वयावर घातलंत?"

प्रश्न ऐकून सून जराशी दचकली. मग आठवून सांगू लागली. बाबा बिछान्यातून उठले की आधी दांडा धरून उभे राहतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. काल शौचाला गेले तेव्हा एक चप्पल पॅसेजमध्येच राहिली. ते तसेच एका चपलेवर पलंगापर्यंत आले, त्यांना पत्ताच नाही. तिने मागून आणून दिली तर हसले, म्हणाले, बघ, चप्पलसुद्धा रिटायर व्हायला निघाली.

बाई हसल्या नाहीत. "एक चप्पल पायातून गेली आणि पायाला कळलं नाही?"

"नाही. का हो?"

"असंच. नवऱ्याशी बोलणं झालं?"

तिने डब्याचं झाकण लावलं. पुन्हा काढलं. पुन्हा लावलं. "फोनवर एवढंच म्हणाले, खरं सांग, दिलंस का? मी नाही म्हटलं. त्यावर ते गप्प बसले. डॉक्टरबाई, वन्सं बोलल्या त्याचं काही नाही, त्यांचे बाबा आहेत. पण यांनी गप्प बसायला नको होतं."

"घरात संत्रं आहे एखादं?"

"संत्रं? नाही. परवाच संपली. इथेही कोणी फळं आणलेली नाहीत. काय झालं?"

"अजून काही नाही," बाई उठता उठता म्हणाल्या. "पण तुझ्या बाजूने बोलणारं कोणी असेल, तर ते एका बरणीत आहे."

४

धाकट्या डॉक्टरने बरणी जपून ठेवली होती. घशातून आणि पोटातून जे उपसून निघालं ते तिने फेकू दिलं नव्हतं. गाळून, धुऊन, झाकण लावून ठेवलं होतं.

"बाई, मी तीन वेळा विचारलं होतं हो. माझी चूक झाली का?"

"ते नंतर. आधी दिवा धर."

बाईंनी ऐवज पांढऱ्या ताटलीत पसरला आणि चिमट्याने एकेक वेगळं करू लागल्या. मक्याचे दाणे, अख्खेच्या अख्खे. मग पातळ, पारदर्शक पापुद्रे. त्यातला एक त्यांनी दिव्याखाली ताणून धरला. त्याला बारीक केशरी रेषा होत्या.

"संत्र्याच्या फोडीची साल," धाकटी म्हणाली.

"आणखी बघ. काय नाही?"

"काय नाही म्हणजे?"

"मी डबा पाहून आलेय. त्यात मक्यापेक्षा शेंगदाणे जास्त. त्या डब्यातला एक चमचा पोटात गेला असता, तर शेंगदाण्याचा तुकडा सापडायला हवा. मका अख्खा राहिला आणि भाजलेला शेंगदाणा तेवढा विरघळून गेला, असं होतं का?"

धाकटीने चिमटा हातात घेतला. सगळी ताटली पुन्हा एकदा चाळली. शेंगदाण्याचा कण नव्हता.

"शेंगदाण्याविना मका आणि जोडीला संत्रं," बाई म्हणाल्या, "हे एकाच जेवणात होतं. परवा दुपारी. त्यांची नात आली होती म्हणून शेंगदाणा घरात निघाला नव्हता, आणि संत्री त्याच बैठकीत संपली. हा घास काल रात्रीचाही नाही आणि पहाटेचा तर नाहीच."

"परवा दुपारचा?" धाकटीचा हात थांबला. "बाई, त्यानंतर एक अख्खा दिवस आणि दोन रात्री गेल्या. धडधाकट माणसाचं जठर तेवढ्यात कितीदा रिकामं होतं."

"धडधाकट कोणी सांगितलं?"

"रक्ताची तपासणी. साखर अगदी आदर्श. इतकी की मी म्हटलं, बाबा, तुमच्या वयात माझी अशी असू दे."

"आणि अतिदक्षता विभागात आल्यापासून?"

धाकटी अडखळली. "खूप वर आहे. पण शरीरावर ताण आला की चढते, म्हणून आम्ही..."

"म्हणून तुम्ही ताणावर घातलं. घरच्यांनी वयावर घातलं. चल."

दोघी बाबांच्या पलंगापाशी आल्या. यंत्राचा भाता चालला होता. बाईंनी पायावरची चादर दूर केली. डाव्या तळव्यावर मोठा, सुकत आलेला फोड होता. भाजल्याचा, गरम पाण्याच्या पिशवीने होतो तसा.

"एवढं भाजेपर्यंत माणूस पाय हलवत नाही का गं? हलवतो, जर कळलं तर. पायातून चप्पल गेलेली कळत नाही. उभं राहिलं की अंधारी येते. दोन घासांत पोट भरतं, कालचं जेवण छातीशी राहतं. वर्षानुवर्षं साखर वाढलेली असली की नसा अशा मुक्या होतात. आधी पायाच्या, मग पोटाच्या. जठराला अन्न पुढे ढकलायचंच सुचत नाही. सूप वाहून जातं, मका तिथेच बसतो. बाबा तुला खरंच सांगत होते, ते उपाशीच होते. पोट तेवढं भरलेलं होतं."

"पण मग तपासणीत साखर चांगली कशी?"

बाईंनी चादर नीट केली. "रक्त कुठे काढलं होतं?"

"त्यांच्या कामावरच्या दवाखान्यात. आठवडा झाला असेल. आम्ही तेच ग्राह्य धरलं."

"मला एक सांग," बाई अगदी हळू म्हणाल्या. "ते रक्त याच माणसाचं होतं, हे कोणी पाहिलं?"

५

दोरखंड खाली गाड्या लावायच्या जागेत एकटा उभा होता. बाईंना पाहून त्याने हसायची तयारी केली.

"बाही वर करा," बाई म्हणाल्या.

"काय डॉक्टरबाई, या वयात माझं शरीरसौष्ठव बघणार?"

"हुक लागला तर कोपराला बाहेरून लागतो. आतल्या खळग्यात सुई लागते."

हसू तिथेच विरलं. तो गाडीच्या बॉनेटला टेकला. मग म्हणाला, "दरवर्षी गोदीत तपासणी असते. साखर निघाली की क्रेनवरून खाली उतरवतात. त्याला वरून खाली आणलं असतं ना, तर तो त्या दिवशीच संपला असता. गरुड म्हणतो आम्ही त्याला. पहिल्या वर्षी त्याने हातापाया पडून विनवलं, मी त्याच्या नावावर हात पुढे केला. रक्त काढणाऱ्याला काय, हेल्मेट घातलेले सगळे सारखेच. मग सवय झाली. साखरेच्या गोळ्या तो घशाच्या गोळ्यांच्या डबीत ठेवतो, घरी कोणाला माहीत नाही. इथे भरती होताना डबी माझ्याकडे दिली."

"आणि ऑपरेशनच्या तपासणीला?"

"तेव्हाही मीच." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मला वाटलं, तीही गोदीचीच कटकट. त्याला वाटलं, खऱ्या रक्ताचं गोदीत कळेल. खांद्याचं ऑपरेशन, त्यात साखरेचा काय संबंध, असं म्हणालो आम्ही दोघं. शहाणे दोघंही."

"त्यांच्या क्रेनखाली माल कोण बांधतं?"

"मी."

"म्हणजे चक्कर त्यांना आली असती तर ओझं तुमच्या डोक्यावर."

"माझ्या डोक्याचं मी बघून घेतलं असतं हो."

"आणि सुनेच्या डोक्यावरचं?"

त्याने बाही आणखी खाली ओढली.

"तिच्यावर खापर फुटतंय, हे सकाळपासून तुमच्यासमोर चाललंय. तुम्ही चहा वाटत होतात."

"त्याने मला शपथ घातलीय, डॉक्टरबाई. त्याच्या जिवाची. आणि जीव तर तिकडे यंत्रावर. मी तोंड उघडलं आणि त्याला काही झालं तर?"

बाई त्याच्या शेजारी बॉनेटला टेकल्या. "मी रोज नेम पाळणारी बाई आहे. शपथ मला थट्टेची वाटत नाही. पण शपथ आपण आपल्या पोटाला चिमटा घेऊन पाळायची असते. दुसऱ्याच्या पोटाला चिमटा बसायला लागला की ती शपथ राहत नाही, नुसता लपायचा आडोसा होतो. तुमचा दोस्त आज जगतोय तो नळीच्या आणि औषधांच्या जोरावर. त्याची साखर खरी किती, कोणत्या गोळ्या, किती वर्षं, हे वर डॉक्टरांना कळलं तर तो आणखी जगेल. तुमच्या गप्प राहण्याने नाही."

फाटकातून एक गाडी आत आली. धुळीने माखलेली, लांबून आलेली. दोरखंडाने मान वर केली.

"दादा आला," तो म्हणाला.

६

दादा थेट जिन्यापाशी गेला होता. तो वरच्या पायरीवर, बायको खालच्या, आणि बहीण दोघांच्या मध्ये हातवारे करत. "डबा बघ, दादा. मका बघ आधी."

"बघाच," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच हळू होता, म्हणून तिघं गप्प झाले. बाईंनी सुनेच्या हातातला डबा घेतला, धाकट्या डॉक्टरच्या हातातली ताटली घेतली आणि दोन्ही बाकावर शेजारी ठेवली.

"हा डबा. हा बाबांच्या पोटातला ऐवज. डब्यातला शेंगदाणा या ताटलीत शोधून द्या."

बहीण वाकली. तिने बराच वेळ शोधलं. तिला शोधायचाच होता. मग ती सरळ झाली.

"नाहीये," ती म्हणाली.

"बिनशेंगदाण्याचा मका घरात फक्त तुम्ही होतात तेव्हा होता, हे तुम्हीच मला सांगितलंत. संत्रीही तेव्हाच संपली. तुमच्या वहिनीची साक्ष तुम्हीच दिलीत, ताई. मी फक्त ऐकून घेतली."

"मग बाबांना दिलं कोणी?"

"कोणी नाही. जे होतं ते आधीपासून आतच होतं."

बाईंनी पुढचं सांगितलं नाही. त्या बाजूला सरकल्या. मागे दोरखंड उभा होता. त्याने खिशातून घशाच्या गोळ्यांची डबी काढून दादाच्या हातावर ठेवली आणि बाही कोपराच्या वर केली. एकही विनोद न करता, पहिल्या वर्षापासून सगळं सांगितलं. बोलताना तो दादाकडे पाहत नव्हता, सुनेकडे पाहत होता.

"चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, पोरी," तो शेवटी म्हणाला. "मी सकाळीच बोलायला हवं होतं."

धाकटी डॉक्टर डबी घेऊन वर पळालीसुद्धा. दादा दोन पायऱ्या उतरून बायकोशेजारी बसला. काहीतरी म्हणू लागला. तिने हात वर करून थांबवलं.

"आत्ता नको," ती म्हणाली. "आधी बाबा शुद्धीवर येऊ देत. मग फोनवर जेवढा वेळ गप्प बसला होतात, तेवढा वेळ बोला."

बाई मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. त्यांनी तोंडी एवढंच सांगितलं: नातेवाइकांनी काही खायला दिलेलं नाही, मुक्या नसांमुळे जठर रिकामं झालं नव्हतं, आणि यापुढे बाहेरच्या तपासणीवर विसंबून कोणालाही भूल द्यायची नाही. मोठ्या डॉक्टरांनी चहा मागवला. बाईंनी या वेळी घेतला.

बाबांना सावरायला वेळ लागला. नळी निघाल्यावर पहिल्यांदा घोगरं बोलले, "गोदीत कळलं?" आणि दोरखंड म्हणाला, "कळलं. आपण दोघंही कामावरून खाली उतरलोय. आता वरून कोणी ओरडणारं नाही, आरामच आराम." बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सुनेला हाक मारून म्हणाले, "शुगरचं जेवण काय असतं, ते तू शिकून घे. मी खाईन."

साखर आटोक्यात यायला बरेच आठवडे गेले. पुन्हा ऑपरेशन ठरलं तेव्हा बाबा आधीपासून नुसत्या पातळ आहारावर होते. धाकट्या डॉक्टरने त्या सकाळी काही खाल्लंत का, एवढंच विचारून सोडलं नाही. कालचं जेवण छातीशी आहे का, उभं राहिल्यावर अंधारी येते का, तळव्याला फरशी गार लागते का, सगळं विचारलं. मग सोनोग्राफीची कांडी पोटावर ठेवून जठर स्वतः पाहिलं. रिकामं होतं. तरीही तिने पूर्ण झोपवलं नाही. मानेजवळ इंजेक्शन देऊन फक्त खांदा बधिर केला. बाबा जागे राहिले, घसा जागा राहिला, आणि ऑपरेशनभर ते सर्जनला क्रेन कशी वळवायची ते शिकवत राहिले.

बाहेर बाकावर दोघी नणंदा-भावजया बसल्या होत्या. मध्ये एक नवा डबा. नणंदेने तो वहिनीकडे सरकवला.

"मका आहे. मी केलाय."

वहिनीने झाकण काढलं. मक्यापेक्षा शेंगदाणे जास्त होते, जरासे करपलेले.

"वन्सं, तुमच्या घरात शेंगदाणे?"

"शेजारणीकडे भाजले. पोरीला सांगितलंय, मामी जेवेपर्यंत तिच्या जवळ फिरकायचं नाही." तिने नाक ओढलं. "खा आता. कालपासून उपाशी दिसतेस."